भिंतीपाशी कोणाला न्यायचं

४ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

नमस्कार फक्त तुला. भावोजींना आज नाही, आणि का नाही ते खाली येतंच आहे.

कालच्या टपालबोटीने भावोजींचं पत्र आलं. मला नाही, थेट आमच्या मालकीणबाईंना! त्यांनी लिहिलंय की आम्ही बापलेक जानेवारीत येत आहोत, तरी आम्हाला तुमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात खोल जागी नेण्यात यावं, आणि तुमच्याकडे कामाला असलेला पोरगा आमचा मेहुणाच असल्यामुळे तो मध्ये काही बोलणार नाही. बाईंनी ते चहा पिता पिता सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. बोटवाला इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. मी हसलो नाही.

ताई, मी शाळेत काय दिवे लावले ते तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं नुसता फिरतोय, एका जागी बूड टेकत नाही, हेही तू शंभरदा ऐकवलंयस. पण इथे तीन वर्षं टिकलो ते एका कामामुळे. मागच्या खोलीत एक काळा फळा आहे. रोज सकाळी साडेसहाला मी त्यावर लिहितो, आज पाण्याखाली कोणी कुठे जायचं. पन्नाशीचे वकील, डॉक्टर माझ्या खडूकडे निकाल बघावा तसे बघत उभे असतात. आणि भावोजी म्हणतात, तो काही बोलणार नाही.

तर त्यांना वाचून दाखव. आमच्याकडे चार जागा आहेत. पहिली ‘ताट’. पाच-सहा मीटर पाणी, खाली सपाट पांढरी वाळू, काठाकडे चार हात मारले की पाय टेकतात. नवखे तिथे. ती वाळू म्हणजे एका माशाची शी असते, खरंच सांगतो, तो दगडासारखं प्रवाळ कडाकडा चावून खातो आणि मागून वाळू सोडतो, पाण्याखाली त्याच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो. हां, तर दुसरी ‘बाग’. बारा मीटर, पूर्वेचा वारा सुटला की बंद. तिसरी ‘भिंत’. बेटाच्या मागे प्रवाळाचा कडा सरळ खाली उतरतो. नव्या माणसाने अठरा मीटरच्या खाली जायचं नाही, पण पायाखाली तळच दिसत नाही, नुसतं निळं आणि मग काळं, त्यामुळे आपण खाली चाललोय हे कळतच नाही. शिवाय कोपऱ्यावर पाण्याची ओढ लागते. आणि चौथी ‘नळी’, दोन खडकांच्या मधली. तिथे पाणी धावतं. तिथे पहिलं वर्षभर मीसुद्धा गेलो नव्हतो, आणि भावोजी तर जाणारच नाहीत.

कोणाला कुठे न्यायचं ते मी दोन गोष्टींवर ठरवतो. एक म्हणजे कागद. दुसरी माझी स्वतःची युक्ती: पाठीवर हवेची टाकी लावून ताटात खाली वाळूवर गुडघ्यांवर बसवायचं आणि पाच मिनिटं काहीही करायचं नाही. हात हलवायचे नाहीत, मासे बघायला वळायचं नाही, नुसता श्वास. कितीतरी दांडगे लोक दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ करतात. ते गेले बागेत, भिंत नाही. (मी वर एक मिनिट शांत बसत नाही आणि खाली लोकांची परीक्षा घेतो, हे तुझ्या मनात आलंच असेल.)

सोबत दोन फॉर्म पाठवतोय. मागच्या पानावर आजारांचे प्रश्न आहेत. लोक लग्न जुळवतानाही बोलत नसतील इतकं खोटं या पानावर बोलतात. ‘होय’ लिहिलं म्हणून कोणी हाकलत नाही, डॉक्टरची चिठ्ठी मागतात एवढंच. तुझं औषधाचं दुकान, तुला सगळे शब्द कळतील, म्हणून तूच भर.

लोभ आहे तेवढा पुरे, आधी भावोजींना आवरावे.

भोवऱ्या

१४ डिसेंबर

चि. भोवऱ्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक अक्षर सुधारण्यासाठी. तुझं पत्र वाचायला मला डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा जास्त वेळ लागतो.

तुझ्या भावोजींना नमस्कार नाही, हे वाक्य नेमकं त्यांनीच आधी वाचलं. बुटाच्या नाड्या न बांधता तसेच फिरायला निघून गेले ते दीड तासाने आले. सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजणारा माणूस तो. त्याला तू सांगणार, इथे उभा राहा, तिथे नको. एवढा फणकारा कशासाठी रे? फोन करावा तर तिसऱ्या मिनिटाला तुझं बरं-ठेवतो-आता सुरू होतं, म्हणून पत्र लिहायला लावलं, तर पत्रात हे.

दोन्ही फॉर्म काउंटरवर गिऱ्हाइकांच्या मध्ये बसून भरले. यांचा रक्तदाब लिहिला, गुडघा लिहिला, डाव्या कानाचा पडदा लिहिला, काही ठेवलं नाही. ते दोन दिवस धुसफुसत होते, की तू माझा कागद भरलास की पंचनामा केलास. त्यांना खुशाल तुझ्या ताटात बसव, टोपीसकट.

बिट्टीच्या कागदावर सगळीकडे ‘नाही’ आहे. पोरगी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात आहे, रोज चाळीस फेऱ्या मारते. तू गेलास तेव्हा दहा वर्षांची होती, फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे भरून हिंडायची. आता तुझ्यापेक्षा उंच असेल, उभा राहून बघ.

आणि एक नीट ऐक. माझी पोर मी एवढ्या लांब वाळूत गुडघे टेकून बसायला पाठवत नाहीये. काठावर बसवून ठेवलेल्या पोरी मी खूप बघितल्यात. तिला जमतंय म्हटल्यावर तिला भिंत दिसली पाहिजे. मामा असून तू तिला उथळात ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

जेवणखाण वेळेवर करावे. लोभ वाढवण्याइतका तू मोठा झालेला नाहीस, पण तो आहे.

ताई

९ जानेवारी

ताई,

नमस्काराचा भाग तुझा तूच वाचून घे.

बिट्टी बरी आहे हे भावोजींनी फोनवर सांगितलंय. काय झालं ते त्यांनी सांगितलं नसणार. मी सांगतो. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय, बाकाचा एक पाय आखूड आहे, म्हणून अक्षर असं, नाहीतर पुन्हा अक्षरावर घसरशील.

पहिले तीन दिवस ती अशी शिकली की मालकीणबाईसुद्धा बघायला आल्या. ताटात पाच मिनिटं बसली. पाच कसली, मी वर यायची खूण करेपर्यंत सात झाली. एक छोटा मासा तिच्या केसांना टोचत होता, हलली नाही. मी वर आल्यावर बोटवाल्याला तीनदा सांगितलं की ही माझी भाची. बागेतही नीट. तिला शिक्षण पुरं झाल्याचं कार्ड मिळालं. चौथ्या दिवशी सकाळी फळ्यावर मी भिंतीच्या खाली तिचं नाव लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. भावोजींचं ताटाखाली होतं, ते म्हणाले की आज मी पाण्यात जात नाही, बोटीतून लेकीला बघणार.

आम्ही दोघंच उतरलो. सतरा मीटरवर कड्याच्या बाजूने चाललो होतो. कोपऱ्यावर ओढ लागली, फार नाही, रोजची. ती मागे पडली. मी खूण केली की पाय मार. तिने मिनिटभर जोरात पाय मारले आणि खडक धरला. मी तिच्या बुडबुड्यांकडे बघितलं. माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे येतात, घेतो तेव्हा थांबतात. तिचे बारीक बारीक, तुटक येत होते आणि मधे जागाच नव्हती. मी विचारलं, ठीक? तिने खूण केली, ठीक. मग हात आडवा हलवला, ठीक नाही. मग तो हात छातीवर.

मला वाटलं घाबरली. शंभर माणसं अशी घाबरलेली बघितलीत. मी पट्टा धरून तिला वर घेतलं, हळू, शक्य तेवढं हळू. ताई, तुला हे कळणार नाही म्हणून लिहितो. खालून वर येताना छातीतली हवा फुगते. म्हणून वर येताना श्वास सोडत राहायचा, पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण जिच्या नळ्याच आवळल्यात, जिचा श्वास बाहेर निघतच नाही, तिने काय सोडायचं? आत फुगत राहिलं की फुप्फुस फाटतं. मला माहीतच नव्हतं की मी काय हातात धरून वर आणतोय.

वर आली तेव्हा ओठ निळे आणि छातीतून शिट्टी. बोटीवर घेतलं. आता ऐक. भावोजींनी काय झालं म्हणून विचारलं नाही. पोरीला हाक मारली नाही. त्यांचा हात सरळ तिच्या पिशवीत गेला, आणि पिशवीतल्या चष्म्याच्या डबीकडे. बिट्टी चष्मा लावत नाही, ताई. डबीत पंप होता. त्यांनी झाकण काढलं, हलवला, तिच्या तोंडाला लावला, दोनदा दाबला, आणि हे सगळं इतक्या सराईतपणे की मी ऑक्सिजनची नळी हातात धरून नुसता बघत राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, दमा कधीपासून. मी म्हणालो, नाहीये तिला. भावोजी खिडकीकडे बघत म्हणाले, अकराव्या वर्षापासून.

फोटो काढलाय, फुप्फुस शाबूत आहे. दोन दिवस ठेवणार आहेत.

मी आमच्या मागच्या खोलीत जाऊन फाइलमधून फॉर्म काढला. सातवा प्रश्न. दमा, धाप, छातीत घरघर, आत्ता किंवा पूर्वी कधीही. आणि समोर तुझं ते छापल्यासारखं ‘नाही’. गोळी सकाळी की संध्याकाळी एवढं कळलं नाही तर गिऱ्हाइकाला भर उन्हात डॉक्टरकडे परत पाठवणारी तू. नवऱ्याच्या गुडघ्याचं रामायण लिहिलंस आणि पोरीच्या श्वासाचा एक शब्द नाही? दुसऱ्या कोणी हा कागद दिला असता तर मी त्याच्या घरी जाऊन भांडलो असतो. तू माझी बहीण, आता मी कुठे जाऊ?

लोभाचं पुढे बघू. आत्ता आत तिच्यापाशी जातो.

तुझा भाऊ

१८ जानेवारी

चि. भोवऱ्यास,

आशीर्वाद आहेत. रागावले म्हणून ते परत घेता येत नाहीत, नाहीतर आज घेतले असते.

दोघं परवा पोचले. बिट्टी खोलीचं दार लावून बसली आहे, हे जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसले आहेत, आणि मध्ये मी तुझं पत्र घेऊन. भांडायला कुठे जाऊ म्हणतोस ना? ये, इथे ये. नऊ वर्षांत एकदा तरी ये.

ती अकराची असताना तिला पहिल्यांदा झालं. तेव्हा ती शाळेच्या पोहण्याच्या चमूत होती. खेळाच्या मास्तरांनी तिच्या दप्तरात पंप बघितला आणि यादीत तिच्या नावापुढे लाल शाईने लिहिलं, दमा. झालं. माणूस वाईट नव्हता, तिच्या भल्याचंच म्हणत होता. त्या दिवसापासून पोरगी पायरीवर. बाकीच्या पाण्यात, आणि ही त्यांचे टॉवेल सांभाळणार. दोन वर्षं. मी तीनदा गेले भेटायला. डॉक्टरची चिठ्ठी आणू का विचारलं, तर म्हणाले कशाला उगीच धोका. किती दिवस बसायचं ते कोणी सांगितलं नाही. पुढे सगळ्या मुली तिला नावाऐवजी टॉवेल म्हणायला लागल्या. मी शाळा बदलली आणि ठरवलं की आता हा शब्द कुठल्याच कागदावर जाणार नाही. घरात पण आम्ही म्हणत नाही. आम्ही ‘तिची थंडी’ म्हणतो. इतकी वर्षं म्हणतो की काउंटरवर तुझा फॉर्म भरताना माझा हात अडलासुद्धा नाही. यात बढाई नाही, झालं ते लिहिते.

एकोणीस महिने तिला पंप लागला नव्हता. मला वाटलं, गेलं. पाण्याखालच्या हवेचं मला काय माहीत?

आणि खऱ्याखोट्याचं तू मला शिकवू नकोस. पहिलं वर्षभर तू लिहायचास की एका फर्निचर कंपनीच्या ऑफिसात आहे, टेबल आहे, डोक्यावर पंखा आहे. आई ती पत्रं शेजारणीला वाचून दाखवायची. तू तेव्हा एका बोटीवर भांडी घासत होतास. मला कळलं होतं, मी आईला कधी सांगितलं नाही. भाचीला पहिल्यांदा धाप लागली तेव्हा मी रात्रभर तिला मांडीवर ताठ धरून बसले होते. तू कुठे होतास? कुठल्या फळ्यावर काय लिहीत होतास?

कागद माझा खोटा होता. पण भिंतीपाशी तू नेलंस. तुझा खडू, तुझी परीक्षा, सात मिनिटं बसली म्हणून मिरवणारा तू. चूक शोधायला निघालाच आहेस तर माझ्यापाशी येऊन थांबू नकोस.

प्रकृतीस जपावे. बाकी काही लिहावेसे वाटत नाही.

ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार आज घालतो. घालावाच लागणार.

तुझं पत्र वाचून मी टपालधक्क्यावरच ओरडलो, लोक बघायला लागले. मग दोन दिवस पत्र खिशात. पॅंट धुतली, तुझं पत्रही धुतलं गेलं, पण शेवटचा परिच्छेद काही पुसला गेला नाही. बाकी सगळं गेलं, तोच राहिला, आता काय म्हणू.

पंखा खरा होता, टेबल नव्हतं. आईला तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस. वाईट केलंस की बरं ते मला कळत नाही, जाऊ दे.

मुद्दा हा नाही. तिसऱ्या दिवशी बागेतून वर आल्यावर बिट्टी खोकत होती. थोडा वेळ नाही, बोट धक्क्याला लागेपर्यंत. मी विचारलं, ती म्हणाली की पाणी गेलं नाकात. मी वहीत लिहिलं, पाणी गेलं. ताई, ज्यांच्या नाकात पाणी जातं ते एकदा ठसकतात आणि शिव्या देतात. असं कोरडं, दबून दबून कोणी खोकत नाही. मला हे माहीत आहे. गेल्या पावसाळ्यानंतर एक टॅक्सीवाला आला होता, तो असाच खोकला, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी परत ताटात टाकलं आणि सांगितलं की डॉक्टरची चिठ्ठी आण. तो माझ्या अंगावर धावून आला होता, मी हललो नाही.

बिट्टीला मी काही म्हणालो नाही. मला तिला भिंत दाखवायची होती. तुझी धमकी होती म्हणून नाही, तुझ्या धमक्यांना मी कधी भीक घातलीय? मला दाखवायचं होतं की मामा काय करतो. नऊ वर्षं कुठे होता, तर इथे होता, बघ, हे असं काहीतरी. परका असता तर त्याचा कागद आणि त्याचा खोकला बघितला असता. तिचं मी नुसतं नातं बघितलं.

हे मी मालकीणबाईंना सांगितलं. सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला. आता फळा त्या लिहितात. मी टाक्या भरतो. सकाळी लोक फळ्यासमोर उभे असतात आणि मी मागे त्या कंप्रेसरच्या घणघणाटात. मला बाईंचा राग येतो, आणि त्या बरोबर आहेत म्हणून जास्त येतो. परवा त्यांनी एका म्हाताऱ्याला बागेत लिहिलं, तो स्पष्ट ताटाचा माणूस होता, मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला कोण विचारतंय.

पण तुझ्यावरचा माझा राग गेलाय असं समजू नकोस. मी माझा वाटा उचलला, तुझा तिथेच पडलाय. ‘तिची थंडी’! ज्या पोरीला स्वतःच्या आजाराचं नाव घ्यायची घरात बंदी, ती सतरा मीटरवर मला काय खूण करणार होती? ठीक म्हणाली ती मला, ताई. ओठ निळे पडायला आले तरी आधी ठीक म्हणाली.

भावोजींना नमस्कार सांगावा. पंप त्यांनी दाबला, मी नाही.

लोभ असेल तिथे राहू दे, ढवळू नये.

भोवऱ्या

८ फेब्रुवारी

ती. मामास,

सा. न.

तुमची दोघांची सगळी पत्रं मी वाचली. आई तुझी पत्रं आणि स्वतःच्या पत्रांच्या नकला दुकानात खोकल्याच्या बाटल्यांच्या खणात ठेवते, तिला वाटतं मला माहीत नाही. चोरून वाचली म्हणून रागवायचं असेल तर रांगेत उभा राहा, कारण आधी मी रागावलेय.

तुम्ही दोघं माझ्यावरून इतकं भांडताय आणि मला एक ओळ कोणी लिहिली नाही. मी कोण आहे, टाकी? हिने कुठे पाठवलं, त्याने कुठे उतरवलं. मी एकोणीस वर्षांची आहे. तो फॉर्म पाकिटात घालायच्या आधी मी वाचला होता. सातवा प्रश्न मी दोनदा वाचला. सही माझी आहे, मामा, खाली बघितलीस का? आईचं ‘नाही’ तुम्हाला दिसलं आणि माझी सही दोघांपैकी एकालाही दिसली नाही.

बागेतला खोकला पाण्याचा नव्हता. मला कळलं होतं. आदल्या रात्री छाती भरली होती, मी बाबांना न सांगता पंप घेतला. तुला सांगितलं असतं तर तू मला बोटीवर बसवलं असतंस आणि कोणीतरी आपला टॉवेल आणून दिला असता. मला परत कोणाचाही टॉवेल धरायचा नव्हता. त्यापेक्षा मेले तरी चालेल असं वाटलं होतं. खडक धरला तेव्हा कळलं की नाही चालणार. अजिबात नाही चालणार. मला फार जगायचं होतं, त्या मिनिटाला तर फारच.

गेल्या आठवड्यात मी एकटी छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, पडद्यावर आकडे आले, ते बरे नव्हते. एकोणीस महिने लागला नाही म्हणजे बरं झालं असं नसतं म्हणाले. रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप, सहा महिने. मग परत फुंकायचं. पोहायला हरकत नाही, आमच्या कोचला मी सांगितलं, तो म्हणाला बरं झालं सांगितलंस, पंप भिंतीजवळच्या बाकावर ठेवत जा. एवढंच. मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते, ती फुकट गेली. मग घरी येताना रस्त्यातच रडले, रागाने.

चिठ्ठी घेऊन मी आपल्याच दुकानात गेले. संध्याकाळची गर्दी होती. मी आत गेले नाही, रांगेत उभी राहिले. पुढे तीन माणसं होती. नंबर आल्यावर मी चिठ्ठी पुढे केली आणि मोठ्याने म्हणाले की दम्याचा पंप द्या, रोजचा. मागच्या आजोबांनी मान वर केली. आई हळूच म्हणाली की घरी बोलू. मी म्हणाले की घरी हा शब्द मिळत नाही, दुकानात तरी द्या. तिने माझ्याकडे बघितलं नाही. चिठ्ठी वाचली, पूर्ण, खालच्या सहीपर्यंत. मग पंप काढला आणि इतर सगळ्यांना सांगते तसं मला सांगितलं, घेतल्यावर चूळ भरायची, विसरायचं नाही. मागच्या आजोबांना तिने चुकीची गोळी दिली आणि लगेच परत मागून घेतली.

घरी आम्ही बोलत नाही आहोत. म्हणजे जेवायला-ये आणि मीठ-दे एवढं. बाबा मध्ये बसून दोघींना वाढतात.

सोबत नवा फॉर्म पाठवतेय. यावेळी माझ्या अक्षरात आहे. सातव्यापुढे ‘होय’ आहे, डॉक्टरांचा कागद जोडलाय, आकड्यांसकट. आता तू फळ्यावर लिहीत नाहीस हे मी वाचलं. तरी तूच सांग. हा कागद कोणा परक्याचा असता तर तू मला कुठे नेलं असतंस? भाची म्हणून गोड बोलू नकोस.

लोभ नंतर, उत्तर आधी.

बिट्टी

१९ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,

अनेक आशीर्वाद. आणि गोड बोलायची सवय नाही म्हणून थेट लिहितो.

तुझी सही मी बघितली नव्हती. खरंच बघितली नव्हती. आता फाइल उघडून बघितली, गोल आणि ठसठशीत आहे. तेव्हा तुझ्यावर रागवायचं राहिलंच होतं, ते आता करतो. मूर्ख आहेस. खोटी ठीक-ठीक खूण करणाऱ्या माणसाला मी एरवी परत पाण्यात घेत नाही. कंप्रेसर सुरू केला की मला अजून तुझ्या छातीतली शिट्टी ऐकू येते. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

तुझा नवा कागद मी तीनदा वाचला आणि मग मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून आकडे बघितले. मला विचारलं की तू काय लिहिशील. तीन आठवड्यांत पहिल्यांदा विचारलं. मला वाटलं होतं की असा खरा कागद आल्यावर काहीतरी छान लिहिता येईल. पहिल्यांदा आपल्या घरातून एक खरं पान बाहेर पडलंय, तर त्याच्यापुढे निदान ताट तरी लिहावं. मी आकडे परत बघितले. डॉक्टरांची ओळ परत वाचली.

कुठेही नाही, बिट्टी. भिंत नाही, बाग नाही, ताटसुद्धा नाही. सहा महिने टाकी पाठीवर घ्यायची नाही.

खोटं लिहिलंस तर तुला भिंत मिळाली आणि खरं लिहिलंस तर काहीच नाही. यावर तुला जेवढा राग येईल तेवढाच मला येतोय, पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. त्या मास्तराने जे केलं तेच मी करतोय की काय, हा विचार करत मी सबंध दुपार टाक्या भरल्या, आणि एक तर इतकी भरली की परत सोडावी लागली. तेव्हा फरक तरी काय ते लिहून देतो, म्हणजे तुला माझी कॉलर धरता येईल. तारीख आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत फुंकायचं. आकडे आले आणि डॉक्टरांनी सही केली की पहिला दिवस ताट, पाच मिनिटं, समोर मी गुडघ्यावर. मग बाग. भिंतीचं मी आज काही कबूल करत नाही. आकडे आले नाहीत तर पुढची तारीख, तीही लिहून कळवेन. आणि आकडे कधीच आले नाहीत तर तेही मीच सांगेन, तोंडावर, तिथे येऊन. हो, येऊन. तुझ्या आईला आत्ता सांगू नकोस, ती विश्वास ठेवणार नाही आणि मग मला रागाने यावं लागेल.

मी एवढं सांगितल्यावर बाईंनी ड्रॉवर उघडला, तुझ्या कागदावर शिक्का मारला आणि ड्रॉवर लावला. खडू काही दिला नाही. पण तुझा कागद त्यांनी फाइलमध्ये आईच्या कागदाच्या वर लावला.

औषध घेतल्यावर चूळ भर. आईशी मिठापेक्षा एखादा शब्द जास्त बोल, जमलं तर.

मला शिव्या घालणारं पत्र लगेच पाठव. गोड लिहिलंस तर मी समजेन की तू परत ठीक-ठीकची खूण करतेयस.

मामा